निबंध तपासून घेताना या चुका टाळा

नागपुरात थंडी ओसरू लागते, शाळांची स्नेहसंमेलने उरकतात आणि माझा फोन वाजू लागतो. कुणाची दहावीची परीक्षा तोंडावर आलेली असते, कुणाला आंतरशालेय स्पर्धेसाठी निबंध पाठवायचा असतो, तर कुणी मुख्य परीक्षेची तयारी करणारा पदवीधर असतो. पलीकडून येणारे वाक्य मात्र वर्षानुवर्षे एकच असते : ‘मॅडम, निबंध तेवढा नीट करून द्या ना.’ या वाक्यातले ‘करून द्या’ मला दर वेळी खटकते. दुसऱ्याने करून दिलेला निबंध वहीत छान दिसतो, पण परीक्षेच्या वर्गात तोच विद्यार्थी कोऱ्या कागदासमोर पूर्वीसारखाच अडून बसतो, कारण निबंध सुधारला असला तरी तो सुधारताना काय काय घडले ते त्याने पाहिलेलेच नसते.

पालक, विद्यार्थी आणि आम्ही शिकवणारे अशा तिघांच्याही हातून होणाऱ्या ज्या चुका मी वारंवार पाहिल्या आहेत, त्यांविषयी येथे लिहीत आहे. शिकवणाऱ्यांच्या चुका वगळल्या असत्या तर लेख बराच आटोपशीर झाला असता, पण तो खरा झाला नसता.

शुद्धलेखनापासून सुरुवात करणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. मराठीत आपण सगळ्यालाच ‘तपासणे’ म्हणतो, त्यामुळे दोन निराळी कामे एकाच शब्दाखाली दडून राहतात. निबंधाला नेमके काय म्हणायचे आहे, ते कोणत्या क्रमाने म्हणायचे, कोणता परिच्छेद ठेवायचा आणि कोणता काढून टाकायचा, हे ठरवणे हे पुनर्लेखनाचे काम झाले. ऱ्हस्वदीर्घ, अनुस्वार, विरामचिन्हे आणि वाक्यरचना पाहणे हे त्यानंतरचे काम आहे. हा क्रम उलटला की जो परिच्छेद शेवटी वगळायचाच आहे त्यातल्या वेलांट्या सुधारण्यात अर्धा तास जातो, आणि एकदा सुवाच्य अक्षरात उतरवलेला परिच्छेद काढून टाकायला मुलांचे मन धजत नाही ते वेगळेच.

२२ सप्टेंबर २०२३ च्या रात्री आणि २३ तारखेच्या पहाटे पडलेल्या पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पाणी काठच्या वस्त्यांत शिरले आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी अशा भागांत माणसे झोपेत असतानाच घरांत पाणी आले. त्या वर्षी माझ्याकडे आलेल्या प्रसंगलेखनाच्या वह्यांतही पूर आला, ते साहजिकच होते. नववीतल्या एका मुलीचा निबंध ‘पाणी म्हणजे जीवन’ या वाक्याने सुरू होत होता. दुसऱ्या परिच्छेदात पाण्याचे उपयोग होते, तिसऱ्यात निसर्गाचा कोप होता, आणि चौथ्या परिच्छेदाच्या मधोमध एक वाक्य होते : ‘आजीने आधी महालक्ष्म्यांचे मुखवटे माळ्यावर ठेवले, मग मला उठवले.’ विदर्भात ज्येष्ठागौरींना महालक्ष्म्या म्हणतात, हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगून ठेवते. त्या वर्षी पूजन २२ तारखेला होते आणि विसर्जन व्हायचे होते.

शुद्धलेखनाचे गुण जातात, तेवढे पाहा, असे मुलीच्या आईने बजावले होते. पहिल्या तीन परिच्छेदांत नऊ चुका होत्या आणि मी त्यांतल्या एकीलाही हात लावला नाही. मी एवढेच विचारले की, आजीने मुखवटे आधी का उचलले? मुलगी क्षणभर थांबली आणि म्हणाली की, तिनेही आजीला दुसऱ्या दिवशी हेच विचारले होते; तेव्हा आजी म्हणाली, तू हाक मारली की उठतेस, त्या उठणार आहेत का? हे उत्तर निबंधात कुठेही नव्हते. पुढच्या आठवड्यात ती आली तेव्हा पहिले तीनही परिच्छेद गेलेले होते, निबंध माळ्यावरच्या मुखवट्यांपासून सुरू होत होता आणि त्या नऊ चुकाही परिच्छेदांबरोबर आपोआप निघून गेल्या होत्या. पहिल्याच दिवशी मी लाल पेन उघडला असता, तर त्या तीन परिच्छेदांतले पाण्याचे उपयोग निर्दोष शुद्धलेखनासह वहीत कायम राहिले असते.

ही खोड आपल्याच मुलांची आहे असे नाही. अमेरिकेत नॅन्सी सॉमर्स यांनी १९८० मध्ये २० महाविद्यालयीन विद्यार्थी आणि २० अनुभवी लेखक यांच्या पुनर्लेखनाची तुलना प्रसिद्ध केली. विद्यार्थ्यांच्या लेखी पुनर्लेखन म्हणजे एका शब्दाच्या जागी दुसरा अधिक बरा शब्द घालणे होते, तर अनुभवी लेखक आपल्या म्हणण्याला आकार सापडेपर्यंत मजकुराची मांडणीच पुन्हा पुन्हा बदलत होते. ती मंडळी इंग्रजीत लिहिणारी होती. पण ‘सुंदर’ खोडून ‘मनोहर’ लिहिणे आणि त्याला सुधारणा समजणे मी गेली कित्येक वर्षे मराठी वह्यांत पाहत आले आहे.

म्हणून पहिल्या भेटीला जाताना विद्यार्थ्याने शिकवणाऱ्याला स्पष्ट सांगावे की, आज शुद्धलेखन नको, आधी मजकूर पाहू. वही उघडण्यापूर्वी आपल्या निबंधाचे म्हणणे दोन वाक्यांत तोंडी सांगून पाहावे. ते सांगता आले नाही तर दोष लेखनात नसून अजून विचारच पुरता झालेला नाही, हे तेथेच कळते. त्यानंतर प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात तो परिच्छेद कोणते काम करतो ते चार-पाच शब्दांत पेन्सिलीने लिहावे. दोन परिच्छेदांसमोर सारखेच शब्द आले तर ते एकत्र करावेत, आणि ज्याच्यासमोर काहीच लिहिता येत नाही तो परिच्छेद बहुधा केवळ पानाची लांबी वाढवण्यासाठी आलेला असतो. या कामाला वीस मिनिटे पुरतात, आणि ते विद्यार्थ्यानेच करायचे असते. शिकवणाऱ्याने तेव्हा हाताची घडी घालून बसावे, हे सांगायला सोपे आणि करायला फार अवघड आहे.

ऱ्हस्वदीर्घाच्या चुका एकेक करून मोजणे

मजकूर जागेवर बसला की शुद्धलेखनाची पाळी येते, आणि येथे नागपूरच्या मुलांची अडचण पुण्याच्या मुलांहून थोडी वेगळी असते. नागपूर आधी मध्य प्रांत व वऱ्हाडाची आणि मग १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होते. हिंदी येथे बाजारात, शेजारात आणि दुकानांच्या पाट्यांवर पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहे. दोन्ही भाषांची लिपी एकच असल्यामुळे मुलांचा डोळा दोन्ही लेखनपद्धती एकाच वेळी टिपत असतो आणि हातातून कधी ही तर कधी ती उतरते. हिंदीत कवि, गुरु, शक्ति, व्यक्ति असे लिहितात, मराठीत कवी, गुरू, शक्ती, व्यक्ती असे लिहितात. हिंदीतले उभयान्वयी ‘कि’ ऱ्हस्व आहे, मराठीतले ‘की’ दीर्घ आहे. खुद्द शहराचे नावही यातून सुटलेले नाही : हिंदी पाटीवर ‘नागपुर’ असते, मराठीत गावाच्या नावातला ‘पूर’ दीर्घ लिहावा असा स्वतंत्र नियम आहे, आणि त्याच नावाला ‘त’ हा प्रत्यय लागला की सामान्यरूपात उकार पुन्हा ऱ्हस्व होऊन ‘नागपुरात’ असे लिहावे लागते. एवढे सगळे एका शब्दात घडत असताना मुलगा गोंधळला तर त्याला निष्काळजी म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

आता चूक अशी होते की, शिकवणारा घाईत अर्धाच नियम सांगतो. ‘मराठीत शेवटची वेलांटी दीर्घ’ एवढेच ऐकून गेलेला मुलगा दुसऱ्या दिवशी ‘शक्तीपीठ’, ‘गुरूदक्षिणा’ आणि ‘कवीसंमेलन’ लिहून आणतो. तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, शब्द सामासिक शब्दात पूर्वपद म्हणून आला तर त्याचे मूळचे ऱ्हस्व रूप टिकते, म्हणून शक्तिपीठ, गुरुदक्षिणा आणि कविसंमेलन हेच बरोबर, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते. तोच मुलगा ‘आणि’ची वेलांटीही दीर्घ करून टाकतो, कारण हा अपवादही राहून गेलेला असतो. मराठी साहित्य महामंडळाने केलेले आणि राज्य शासनाने स्वीकारलेले लेखनविषयक नियम १९६२ मध्ये १४ होते आणि १९७२ मध्ये त्यांत ४ नियमांची भर पडून ते १८ झाले. ते सगळे मिळून मोजकी पाने भरतात. शिकवणाऱ्याने ती पाने टेबलावर ठेवावीत आणि शंका आली की विद्यार्थ्यादेखत उघडावीत. आपल्यालाही पाहावे लागते, हे मुलांना दिसण्यात काही कमीपणा नाही.

दुसरी चूक मोजण्याची आहे. पानभर लाल वर्तुळे करून खाली ‘एकूण चुका ३४’ असे लिहिले की शिकवणाऱ्याला काम केल्याचे समाधान मिळते आणि मुलाला आपण मराठीत ‘ढ’ असल्याची खात्री पटते. त्या चौतीस चुका नीट लावून पाहिल्या तर त्या बहुधा तीन-चार सवयींतून आलेल्या असतात. एखादा मुलगा अनेकवचनाचा अनुस्वार सतत गाळतो आणि ‘लोकाना’, ‘विद्यार्थ्यानी’, ‘त्याच्यामध्ये’ असे लिहितो. शेवटच्या उदाहरणात तर ‘त्यांच्यामध्ये’ म्हणायचे असेल तर अर्थच बदलतो. दुसरी मुलगी सामान्यरूपात उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरे, अक्षर ऱ्हस्व करायला विसरते आणि ‘मूलाला’, ‘दूधात’ लिहिते. तिला ‘मुलाला’, ‘दुधात’ समजावताना ‘परीक्षेत’ आणि ‘शरीरात’ हे तत्सम शब्द मात्र तसेच राहतात हेही त्याच दिवशी सांगावे लागते, नाहीतर ती पुढच्या वेळी ‘परिक्षेत’ लिहून येणार हे ठरलेले. तिसरा ‘महत्व’ आणि ‘तत्व’ यांतला एक त खाऊन टाकतो. प्रत्येकाने आपल्या सवयींची एक चूकवही ठेवावी, तीत चारपेक्षा अधिक सवयी एका वेळी नसाव्यात, आणि निबंध द्यायच्या आधी तो चार वेळा वाचावा : प्रत्येक वेळी एकाच सवयीचा शोध घेत, बाकी कशाकडेही न पाहता. कंटाळवाणे आहे, पण चौतीस वर्तुळांपेक्षा याचा उपयोग कितीतरी अधिक होतो.

बोलीला चूक समजणे

ही चूक जवळजवळ पूर्णपणे आमची, म्हणजे शिकवणाऱ्यांची आहे. वर सांगितलेल्या मुलीने आजीचे उत्तर दुसऱ्या मसुद्यात प्रमाण मराठीत लिहिले होते. आजी खरेच असे बोलली का, असे मी विचारले तेव्हा ती हसली आणि म्हणाली, ‘नाही मॅडम. ती म्हणाली, तू तं हाक मारली का उठशीन, त्या उठतीन काय?’ मग हेच का लिहिले नाही, असे विचारल्यावर कळले की, आदल्या वर्षी कुणीतरी तिच्या वहीतले ‘काहून’ आणि ‘मले’ लाल पेनाने खोडले होते.

पात्राच्या तोंडचा संवाद आणि लेखकाचे निवेदन यांत फरक आहे, आणि तो मुलांना सहावी-सातवीपासूनच सांगता येतो. आजीचे बोलणे अवतरणचिन्हांत वऱ्हाडीतच यावे, कारण तेथे ते प्रमाण मराठीत आणले तर आजीच नाहीशी होते. वैचारिक निबंधात मात्र ‘समाज बदलून राहिला आहे’ असे आले, तर त्याला चूक म्हणून काट मारण्याऐवजी हे आपल्याकडचे बोलण्यातले रूप आहे आणि परीक्षेतल्या लेखी मराठीत येथे ‘बदलत आहे’ अपेक्षित असते, एवढे समजावून सांगावे. पहिल्या पद्धतीने मुलगा आपल्या घरच्या भाषेची लाज धरायला शिकतो, आणि दुसऱ्या पद्धतीने तो दोन्ही रूपे कुठे वापरायची ते ओळखू लागतो.

आपले वाक्य विद्यार्थ्याच्या वहीत घालणे

शिकवणाऱ्यांची मराठी चांगली असते, हाच येथे धोका आहे. मुलाचे वाक्य अडखळते, आपल्याला त्याच्या जागी बरे वाक्य लगेच सुचते, वेळ कमी असतो आणि आपण ते लिहून टाकतो. काही महिन्यांत एकाच शिकवणीतल्या दहा मुलांच्या वह्यांत ‘अनन्यसाधारण महत्त्व’, ‘मोलाची भूमिका’ आणि ‘काळाची गरज’ सारख्याच ठिकाणी दिसू लागतात. वह्या तपासणाऱ्या शिक्षकांना हे कळत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी सलग पन्नास निबंध एकदा वाचून पाहावेत.

समासात पर्यायी वाक्य न लिहिता प्रश्न लिहावा : ‘येथे कोण बोलत आहे?’, ‘हे तू पाहिलेस की ऐकलेस?’, ‘या दोन वाक्यांचा संबंध काय?’ एका पानाला असे तीन प्रश्न पुष्कळ झाले. वाक्य कानाला कसे लागते हे समजावण्यासाठी तर समासाचीही गरज नाही. शिकवणाऱ्याने निबंध जसा लिहिला आहे तसा, एकही शब्द न सुधारता, मोठ्याने वाचावा आणि विद्यार्थ्याने हातात पेन्सिल घेऊन ऐकावे. वाचणाऱ्याची जीभ जेथे अडखळते, जेथे श्वास संपतो, जेथे ‘तो’ म्हणजे नक्की कोण हे कळेनासे होते, तेथे विद्यार्थी आपणहून खूण करतो. विद्यार्थ्याने स्वतः वाचले तर हा परिणाम साधत नाही, कारण आपलेच लेखन वाचताना डोळा गाळलेले शब्दही भरून घेतो.

पालकांनी शेजारी बसून उत्तरे देऊ नयेत, हेही येथेच सांगते. मी मुलाला विचारले की, तुला मेट्रोतून पहिल्यांदा जाताना काय वाटले, आणि उत्तर वडिलांकडून आले, असे इतक्यांदा घडले आहे की आता मी पालकांना चहा देऊन बाहेरच्या खोलीत बसवते.

तपशील न पडताळणे

भाषा तपासली म्हणजे निबंध तपासला, असे धरून चालल्यामुळे चुकीची माहिती अगदी शुद्ध मराठीत पुढे जाते. ‘माझे शहर’ या विषयावर दर वर्षी हमखास येणारे वाक्य म्हणजे ‘नागपूर १९६० पर्यंत राजधानी होते’. वस्तुस्थिती अशी आहे की, १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, तेव्हाच नागपूरचे राजधानीपण संपले. १९६० हे महाराष्ट्राच्या स्थापनेचे वर्ष आहे. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते त्याच्या मुळाशी असलेला नागपूर करार २८ सप्टेंबर १९५३ चा आहे, पण मुले तोही १९६० मध्ये ढकलतात, कारण ते एकच वर्ष पाठ असते. दीक्षाभूमीवरच्या निबंधात ‘दर वर्षी १४ ऑक्टोबरला दसरा असतो’ असे वाक्य मी एकाहून अधिक वेळा वाचले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, ज्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली, त्या दिवशी विजयादशमी होती. पण दसरा तिथीने येतो आणि त्याची तारीख दर वर्षी बदलते, एवढा विचार वाक्य लिहिताना झालेला नसतो.

शिकवणाऱ्याला सगळे ठाऊक असावे अशी अपेक्षा नाही. निबंधातल्या प्रत्येक वर्षाखाली आणि आकड्याखाली पेन्सिलीने रेघ ओढावी आणि ‘हे कुठून घेतले?’ असे विचारावे, एवढे पुरते. मराठी विश्वकोश आता इंटरनेटवर कोणालाही वाचता येतो. ज्या तपशिलाचा आधार सापडत नाही तो निबंधातून काढून टाकल्याने काहीही बिघडत नाही.

वेळ, फोटो आणि फाइल

या चुका क्षुल्लक वाटतात, पण निम्म्या भेटी यांतच वाया जातात. निबंध द्यायच्या आदल्या रात्री शिकवणाऱ्याकडे जाऊ नये. त्या रात्री फार तर अनुस्वार सुधारता येतात. पहिला मसुदा आणि अखेरचा दिवस यांत किमान आठवडा असावा, आणि मधले दोन दिवस वही न उघडता जाऊ द्यावेत. व्हॉट्सॲपवर वहीचा फोटो पाठवताना तो दिवसाउजेडी, वरून सरळ धरून काढावा आणि समास कापला जाऊ देऊ नये. वही लिहिताना एक ओळ सोडून लिहिले की सुधारणेला जागा मिळते, ही जुनी पद्धत आजही उत्तम आहे. संगणकावर टंकलिखित केलेला मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये असेल, तर तो फाँट नसलेल्या संगणकावर सगळी अक्षरे निरर्थक चिन्हांसारखी दिसतात. तेव्हा तो युनिकोडमध्ये रूपांतरित करून पाठवावा, आणि ते जमत नसेल तर पीडीएफ करून पाठवावा. जुना मसुदा पुसून त्यावरच नवा लिहू नये, प्रत्येक मसुद्यावर तारीख घालून तो ठेवून द्यावा. तिसऱ्या मसुद्यानंतर पहिला उघडून पाहिला की कधीकधी असे दिसते की, सुधारण्याच्या नादात त्यातले सर्वांत जिवंत वाक्यच गळून गेले आहे.

निबंध कोणाचा, हे विसरणे

स्पर्धेसाठी पाठवलेला निबंध विद्यार्थ्याचा स्वतःचा असावा, हे सर्वांना मान्य असते. मदत किती झाली म्हणजे तो त्याचा राहत नाही, यावर मात्र कुणी बोलत नाही. मी एक साधी कसोटी लावते. वही मिटवून विद्यार्थ्याला विचारावे की, हा परिच्छेद येथे का आहे आणि हा शब्द का निवडला. त्याला कारण सांगता आले तर ती सुधारणा त्याची झाली. सांगता आले नाही तर ते वाक्य माझे, त्याच्या ताईचे किंवा चॅटजीपीटीचे आहे, आणि ते काढलेले बरे. चॅटजीपीटीसारख्या साधनाला निबंध ‘सुधारून दे’ म्हणणे आणि शिकवणाऱ्याला ‘करून द्या’ म्हणणे यांत मला फारसा फरक दिसत नाही.

परदेशी विद्यापीठांसाठी लिहिणाऱ्यांच्या बाबतीत हे अधिक गंभीर होते. अमेरिकेतल्या अनेक महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी वापरल्या जाणाऱ्या कॉमन ॲपमध्ये वैयक्तिक निबंधाची मर्यादा ६५० शब्दांची आहे, आणि लवकर अर्ज करणाऱ्यांची मुदत पुष्कळ ठिकाणी १ नोव्हेंबरला संपते, म्हणजे बऱ्याचदा दिवाळीच्या धामधुमीत. घाईत सल्लागाराने भारदस्त इंग्रजी घालून दिलेला निबंध सतरा वर्षांच्या मुलाचा वाटत नाही, आणि त्या निबंधाकडून अपेक्षा तर त्या मुलाचीच ओळख होण्याची असते.

स्पर्धा परीक्षेच्या उमेदवारांची चूक नेमकी याच्या उलट असते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत निबंधाची प्रश्नपत्रिका २५० गुणांची असते. तीन तासांत प्रत्येकी १००० ते १२०० शब्दांचे दोन निबंध लिहायचे असतात, आणि ते मराठीतही लिहिता येतात. राज्यसेवा मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली असून तीतही निबंधाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. अभ्यासिकांत दिवसभर बसणारे हे विद्यार्थी एकच निबंध पाच-सहा वेळा घोटून घेतात आणि तो पाठ करतात. परीक्षेत दुसरा मसुदा लिहायला सवड नसते, त्यामुळे त्यांनी तयार निबंध दाखवण्यापेक्षा कच्चा आराखडा दाखवावा : विषय दिल्यापासून पंधरा-वीस मिनिटांत काढलेले मुद्दे, त्यांचा क्रम आणि आपली भूमिका. आठवड्याला एक पूर्ण निबंध आणि चार आराखडे असे प्रमाण मला योग्य वाटते.

एक गोष्ट आडवाटेची असली तरी सांगायला हवी. शाळेतल्या वर्गशिक्षकांनाच पैसे देऊन घरी शिकवायची गळ घालू नये. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २८ नुसार शिक्षकांना खासगी शिकवणी घेण्यास मनाई आहे, आणि अशा आग्रहाने आपण त्यांना अडचणीत टाकतो. मसुदा घेऊन मधल्या सुटीत त्यांच्याकडे जाणे आणि एकच नेमका प्रश्न विचारणे यात मात्र काहीच वावगे नाही. बहुतेक सर-मॅडम आनंदाने पाच मिनिटे देतात.

तरीही अडते तेव्हा

विद्यार्थी गप्प बसतो आणि कोणत्याही प्रश्नाला उत्तर देत नाही, ही सर्वाधिक येणारी अडचण आहे. अशा वेळी निबंध बाजूला ठेवून त्याला त्या विषयावर नुसते बोलायला लावावे आणि तो बोलेल ते त्याच्याच शब्दांत कागदावर टिपून घ्यावे. मारबतीवर, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मिरवणुकीने निघणाऱ्या पुतळ्यांवर, ‘ही एक प्राचीन परंपरा आहे’ एवढेच लिहून थांबलेल्या महाल भागातल्या एका मुलाला मी मिरवणुकीत तो कुठे उभा राहतो असे विचारले, तर तो दहा मिनिटे न थांबता बोलला. काकांच्या खांद्यावरून दिसणारी पिवळी मारबत, ‘घेऊन जा गे मारबत’ची आरोळी आणि घरी आल्यावर आजीने करायला लावलेली आंघोळ हे सगळे त्यात होते. मी टिपलेला कागद त्याच्या हातात दिला आणि क्रम त्याला लावायला सांगितला.

तीन मसुदे झाले आणि निबंध तसाच राहिला, असे होत असेल तर बहुधा विषय चुकलेला असतो किंवा फार मोठा असतो. ‘पर्यावरण’ हा विषय चौथ्या मसुद्यातही सुधारत नाही. ‘फुटाळा तलावाच्या काठावर रविवारी सकाळी उरलेला कचरा’ हा विषय पहिल्याच मसुद्यात पुष्कळ काही देतो. अशा वेळी दुरुस्ती थांबवून नवा निबंध सुरू करायला सांगणे हेही शिकवणाऱ्याचे कामच आहे, आणि त्यासाठी पालकांची नाराजी पत्करावी लागली तर पत्करावी.

शाळेतल्या शिक्षकांचे मत एक आणि शिकवणीतले दुसरे, हा पेच मात्र नाजूक असतो. शुद्धलेखनाचा वाद असेल तर तो नियम उघडून मिटवता येतो. मांडणीविषयी मतभेद असेल, उदाहरणार्थ शाळेत सुरुवातीला सुविचार हवाच असा आग्रह असेल, तर मी विद्यार्थ्याला शाळेचे ऐकायला सांगते, कारण गुण तेथे मिळणार असतात. दुसरा मसुदा त्याने आपल्या वहीत आपल्यासाठी ठेवावा. या दोन मसुद्यांत चांगला कोणता हे तो मला विचारतो. मी त्याला दोन्ही मोठ्याने वाचून दाखवते आणि त्याने सांगेपर्यंत थांबते.